राष्ट्रीय ग्रंथालय कुणाचं? जुन्नर-आंबेगावातून पाहताना



विषय कळवला तेव्हा संयोजकांपैकी एकजण फोनवर म्हणाले, "सर, राष्ट्रीय ग्रंथालय कोलकात्याला आणि आपण बोलणार जुन्नरला. इथल्या माणसाचा त्याच्याशी संबंध काय?" आम्ही म्हटलं, हाच प्रश्न घेऊन येतो. तेव्हा आज आम्ही त्या संस्थेची माहिती सांगायला उभे नाही. माहिती तुमच्या हातातल्या फोनवर आहे. आम्हाला त्या संस्थेची समीक्षा करायची आहे, आणि ती करताना स्वतःला वगळायचं नाही, कारण या प्रकरणात आम्हीही दोषी आहोत. तो दोष आधी सांगतो.

दोन वर्षांपूर्वी एक मुलगा घोडेगावला आमच्या घरी आला. आंबेगाव वसाहतीतला. आजोबा जुन्या आंबेगावचे. तुम्हाला ठाऊकच आहे, आपल्या तालुक्याला ज्या गावाचं नाव आहे ते गाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली आहे. तालुक्याची कचेरी घोडेगावात आणि नाव बुडालेल्या गावाचं. मुलगा म्हणाला, "सर, जुन्या आंबेगावावर काही छापलेलं आहे का?" आम्ही उत्साहाने सांगितलं, आहे की! लोक उठून जाण्याच्या दिवसांत गावातल्या दोघा-तिघांनी मिळून एक पुस्तिका काढली होती. वीस-बावीस पानांची. कुठल्या आळीत कुणाची घरं, देवळं कुठली, जत्रेतला मान कुणाचा, बाजार कसा भरायचा. मंचरच्या एका छापखान्यात पायाने चालवायच्या ट्रेडल मशीनवर ती छापली. प्रस्तावना आमची होती. आम्ही तेव्हा नुकते तत्त्वज्ञानाचे डॉक्टर झालेलो. दोन पानं भरून 'स्मृती' या संकल्पनेवर लिहिलं होतं. मुलगा म्हणाला, "मग द्या ना बघायला."

आमच्याकडे प्रत नव्हती. घर बदलताना गेली असावी. ज्यांनी काढली ते वारले. तालुक्यातल्या एका वाचनालयाला पाच प्रती भेट दिल्याचं आम्हाला पक्कं आठवत होतं, म्हणून तिथे गेलो. ग्रंथपालबाई भल्या. त्यांनी जुनं रजिस्टर काढलं. नोंद होती, दाखल क्रमांक होता, आणि पुढे लाल शाईत 'बाद'. जागा नव्हती म्हणून जुनी, फाटकी, कुणी न नेलेली पुस्तकं रद्दीत घातली होती. बाईंना दोष देता येईना. एक खोली, चार कपाटं, पाऊस आला की भिंतीला ओल. आम्ही 'स्मृती'वर दोन पानं लिहिली होती आणि स्मृती किलोच्या भावाने गेली होती.

तिथून हा विषय सुरू होतो. बाईंचं काही चुकलं नाही, कारण ते वाचनालय होतं. आपल्या भाषेत दोन शब्द आहेत, वाचनालय आणि ग्रंथसंग्रहालय. आपण ते सरमिसळ वापरतो, पण त्यांत दोन वेगळी कामं दडलेली आहेत. वाचनालय पुस्तक वाचायला देतं. न वाचलेलं पुस्तक तिथे अडचण असते. संग्रहालय पुस्तक ठेवतं, आज कुणी मागत नसलं तरी. मागत नसतानाच ठेवावं लागतं, कारण मागणी सुरू होते तेव्हा ते बाजारात नसतं. महाराष्ट्रात पहिली परंपरा भक्कम आहे. रत्नागिरीला 1828 साली वाचनालय निघालं, पुण्यात 1848 साली. दुसरी परंपरा उशिरा आली. 1893 साली वि. ल. भावे यांनी ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय काढण्यात पुढाकार घेतला. 1898 साली मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय निघालं. मराठीत छापलेलं सगळं एका छपराखाली असावं, ही कल्पना त्यामागे होती. भाव्यांनी 'महाराष्ट्र सारस्वत' लिहिलं हे आपल्याला माहीत असतं. पण वाङ्मयाचा इतिहास लिहायचा तर आधी वाङ्मय जमवावं लागतं, हे त्यांना कळलं होतं, ही आमच्या मते त्यांची मोठी गोष्ट.

आता 'सगळं' हा शब्द धरून ठेवा. राष्ट्रीय ग्रंथालयाचा सगळा प्राण त्या शब्दात आहे.

तत्त्वज्ञानाच्या माणसाला दोन-तीन सहकारी या धंद्यात भेटतात. लायब्निट्झ ग्रंथपाल होता. कांट काही वर्षं केनिग्जबर्गच्या राजवाड्यातल्या ग्रंथालयात दुय्यम ग्रंथपाल होता. पण आमच्या कामाचा डेव्हिड ह्यूम. हा 1752 साली एडिंबरोच्या वकिलांच्या ग्रंथालयाचा ग्रंथपाल झाला. पगार थोडा, पण पुस्तकं भरपूर. दोन वर्षांनी त्याने तीन फ्रेंच पुस्तकं मागवली आणि देखरेख करणाऱ्या मंडळींनी ती अश्लील म्हणून यादीतून काढायला लावली. ह्यूम संतापला, पण नोकरी सोडली नाही. इंग्लंडचा इतिहास लिहायला त्याला ते ग्रंथालय हवं होतं. पगार मात्र त्याने एका अंध कवीला देऊन टाकला. गंमत पुढे आहे. याच ग्रंथालयाला 1710 च्या कायद्याने ब्रिटनमध्ये नोंदल्या जाणाऱ्या पुस्तकांची प्रत मिळण्याचा हक्क होता. म्हणजे एका दाराने मंडळी तीन पुस्तकं बाहेर काढत होती आणि दुसऱ्या दाराने, कुणाला न विचारता, कायदा पुस्तकं आत आणत होता. 1925 साली त्या संग्रहातून स्कॉटलंडचं राष्ट्रीय ग्रंथालय उभं राहिलं. ते मंडळींच्या अभिरुचीवर उभं राहिलं नाही. न निवडण्याच्या त्या कायद्याचा त्यात मोठा वाटा आहे.

निवड करायची नाही, ही साधी गोष्ट वाटते. पण आम्ही पस्तीस वर्षं नीतिशास्त्र शिकवलं, आणि आम्हाला ती फार अवघड शिस्त वाटते. जे मला क्षुद्र वाटतं, चुकीचं वाटतं, संतापजनक वाटतं, तेही मी जपून ठेवीन. पुढे कुणाला काय लागेल हे मला कळत नाही, एवढं एकच कारण त्याला पुरेसं आहे. शिवनेरीच्या पायथ्याशी उभं राहून बोलतोय, म्हणून एक आठवण टाळत नाही. 5 जानेवारी 2004 रोजी पुण्यात भांडारकर प्राच्यविद्या संस्थेवर हल्ला झाला. राग एका परदेशी लेखकाच्या पुस्तकाचा होता. त्या पुस्तकाबद्दल राग असणं आम्ही समजू शकतो. आम्हालाही त्यातला मजकूर अनुचित वाटला. पण मार खाल्ला तो संस्थेच्या कपाटांनी आणि हस्तलिखितांनी. आमच्या वर्गातले काही जुने विद्यार्थी तेव्हा म्हणाले होते, "सर, अशा लेखकाला त्यांनी मदतच का करावी?" आम्ही तेव्हा नीट उत्तर दिलं नाही, थोडे भ्यालो होतो हेही खरं. उत्तर आज देतो. येणाऱ्याची मतं तपासून दार उघडणारी जागा ग्रंथालय राहत नाही. ज्याला त्या लेखकाचं खंडन करायचं आहे, त्यालाही तीच कागदपत्रं लागणार आहेत.

बरं, कोलकात्याकडे वळू. तिथल्या संस्थेची वंशावळ थोडक्यात अशी. 1836 साली कलकत्ता पब्लिक लायब्ररी निघाली. तिच्या मुळाशी फोर्ट विल्यम कॉलेजच्या ग्रंथालयातली साडेचार हजारांवर पुस्तकं होती. 1891 साली सरकारी खात्यांची ग्रंथालयं एकत्र करून इंपीरियल लायब्ररी झाली. लॉर्ड कर्झनने दोन्ही जोडून 30 जानेवारी 1903 रोजी ती लोकांसाठी उघडली. स्वातंत्र्यानंतर 1948 च्या कायद्याने नाव बदललं, बेल्व्हेडिअरचा प्रासाद मिळाला, आणि 1 फेब्रुवारी 1953 रोजी मौलाना आझादांच्या हस्ते राष्ट्रीय ग्रंथालय खुलं झालं.

साम्राज्याची लायब्ररी एका कायद्याने राष्ट्राची झाली. पाटी बदलायला वेळ लागत नाही. प्रश्न असा, की 'राष्ट्र' त्यात शिरलं कसं? ते शिरलं 1954 च्या कायद्याने. भारतात जो कुणी पुस्तक प्रकाशित करील त्याने तीस दिवसांच्या आत एक प्रत स्वतःच्या खर्चाने कोलकात्याला पाठवायची, आणि एकेक प्रत आणखी तीन ठिकाणी: चेन्नईचं कॉनेमारा, मुंबईच्या टाऊन हॉलमधलं मध्यवर्ती ग्रंथालय, आणि दिल्ली पब्लिक लायब्ररी. भाषा कोणतीही चालेल. 'पुस्तक' म्हणजे काय, याची त्या कायद्यातली व्याख्या आम्ही पहिल्यांदा वाचली तेव्हा चाट पडलो. ग्रंथ तर आलाच, पण पुस्तिका आली, वेगळा छापलेला नकाशा आला, संगीताचा छापील कागदही आला. 1956 च्या दुरुस्तीने वर्तमानपत्रं आणि नियतकालिकं आली. म्हणजे मंचरला छापलेली आमची बावीस पानं दिल्लीच्या कायद्याला मान्य होती. त्यांना घोडेगावातल्या कपाटात जागा नव्हती, पण बेल्व्हेडिअरमध्ये हक्काने होती.

आणि आम्ही ती पाठवली नाही. त्या पुस्तिकेचं सोडा. आम्ही स्वतःची तीन पुस्तकं काढली, त्यातली दोन स्वखर्चाने, म्हणजे प्रकाशक आम्हीच. एकही प्रत पाठवली नाही. अभिप्रायासाठी मात्र तीस-चाळीस जणांना पाठवल्या! कायदा मोडल्याची शिक्षा पन्नास रुपयांपर्यंत दंड आणि पुस्तकाची किंमत. 1954 साली ती धाक वाटावी अशी असेल, आज चहा-वड्यात जाते. पण दंड वाढवून हे सुधारेल असं आम्हाला वाटत नाही. गावोगाव छापणाऱ्याला असा कायदा आहे हेच माहीत नाही, आणि ते त्याला सांगायला कुणी आलेलं नाही. साठ-सत्तर वर्षांचा कायदा जुन्नर-आंबेगावच्या छापखान्यापर्यंत पोचत नसेल, तर 'राष्ट्रीय' या शब्दाची हद्द कुठे संपते ते आपण ओळखावं. ही आमची त्या व्यवस्थेवरची मुख्य टीका.

उलट दिशेची वाट मात्र चालू आहे. आपल्या गावच्या वाचनालयांत राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानाचा शिक्का असलेली पुस्तकं तुम्ही पाहिली असतील. ते प्रतिष्ठान 1972 पासूनचं, तेही कोलकात्याचं. कोलकात्याहून पुस्तकं जुन्नरला येतात. जुन्नरहून कोलकात्याला जात नाहीत. आपण या व्यवहारात फक्त वाचक आहोत.

काहीजण म्हणतील, मराठी माणसाने बंगालकडे कशाला बघायचं? त्यांच्यासाठी एक जुनी गोष्ट. मराठी मुद्रणाची सुरुवात पुण्या-मुंबईत झाली नाही. विल्यम केरी फोर्ट विल्यम कॉलेजात मराठी शिकवत असे. वैजनाथ पंडितांच्या मदतीने त्याने केलेलं मराठीचं व्याकरण 1805 साली कलकत्त्याशेजारच्या श्रीरामपूरला छापलं गेलं, आणि 1810 साली कोश, तोही मोडीत. ज्या कॉलेजात मराठी शिकवली जात होती, त्याच कॉलेजची पुस्तकं पुढे राष्ट्रीय ग्रंथालयाच्या पायात गेली. दुसरी गोष्ट जदुनाथ सरकारांची. शिवचरित्राच्या अभ्यासात त्यांच्याशी भांडावं लागतं, पण त्यांना टाळून जाता येत नाही. त्यांचा ग्रंथसंग्रह राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. आणि त्यांचे जिवलग मित्र रियासतकार सरदेसाई आपल्याच जिल्ह्यात, कामशेतला राहत. तेव्हा कोलकाता आपल्याला वाटतं तितकं परकं नाही.

एक टीका स्वतःच्या राज्यावरही केली पाहिजे. 1939 साली खेर मंत्रिमंडळाने फैझी समिती नेमली. तिने मुंबईला मध्यवर्ती ग्रंथालय, खाली विभाग, जिल्हा, तालुका, गाव असा पायऱ्यांचा आराखडा दिला. आराखडा उत्तम होता. 1967 साली महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायदा झाला. त्याने लोकांनी काढलेल्या वाचनालयांना मान्यता आणि अनुदान दिलं. अ, ब, क, ड वर्ग पाडले. यामुळे खेड्यापाड्यांत वाचनालयं टिकली, हे श्रेय द्यायलाच हवं. पण तपासणीला येणारा माणूस काय विचारतो? ग्रंथसंख्या किती, वर्तमानपत्रं किती, सभासद किती. या तालुक्यात छापलेलं तुमच्याकडे काय आहे, असं आम्ही कधी ऐकलेलं नाही. पायऱ्या वरून खाली पुस्तकं उतरवण्यासाठी बांधल्या, खालून वर नेण्यासाठी नाहीत. त्यामुळे तीच कादंबरी, तेच आत्मचरित्र, तेच स्पर्धा परीक्षांचं पुस्तक शेकडो कपाटांत आहे, आणि आळ्यांची नावं असलेली बावीस पानं एकाही कपाटात नाहीत.

जुन्नरच्या माणसाला जपणुकीचं महत्त्व सांगायला लागू नये खरं तर. नाणेघाटातला सातवाहनांचा लेख म्हणजे दगडावरची दप्तरवहीच आहे: कोणते यज्ञ केले, दक्षिणेत गाई किती, घोडे किती, कार्षापण किती. लेण्यांमधल्या लेखांत दान देणाऱ्यांची नावं आहेत. नहपानाचा अमात्य अयम आहे, वर्ष 46 आहे. इरिल नावाचा यवन पाण्याच्या टाक्या देऊन गेला. बांबूचं काम करणारे, कासार, धान्याचे व्यापारी यांच्या श्रेणी आहेत. दोन हजार वर्षांनी आपण त्या कासारांना ओळखतो. पण नीट बघा, तिथे नाव कुणाचं आहे? ज्याने दिलं त्याचं. डोंगर ज्याने फोडला त्याचं नाही. दगडाचं ग्रंथालय निवड करतं. ज्याच्यापाशी द्रव्य, त्याची नोंद. कागद स्वस्त झाल्यावर पहिल्यांदाच अशी सोय झाली की बाजारात बसणाऱ्या माणसानेही पन्नास रुपयांत हँडबिल छापावं आणि ते राहावं. ती सोय आपण वापरत नाही.

नारायणगावचंच घ्या. तमाशाची पंढरी म्हणतो आपण. दरवर्षी पाडव्याच्या सुमारास फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे जत्रेचे कारभारी सुपारी द्यायला येतात. विठाबाई नारायणगावकरांचं नाव राष्ट्रपतींपर्यंत गेलं. पण त्या फडांची हँडबिलं, वगांच्या वह्या? हँडबिल निदान छापील असतं. वगाची वही हाताने लिहिलेली. छापलेलीच नाही म्हणून ती कायद्याच्या व्याख्येबाहेर. जात्यावरच्या ओव्यांचंही तेच. हेमा राईरकर आणि गी पॉयत्वाँ यांनी गावोगावच्या बायांकडून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. ते काम ग्रंथपालांचं नव्हतं, तरी त्यांनी ते केलं. (आपल्याच तालुक्यात, खोडदला, तीस अँटेना उभ्या करून आकाशातल्या कोट्यवधी वर्षं जुन्या लहरींची नोंद ठेवली जाते. त्याचा अभिमान आम्हालाही आहे. पण शेजारच्या गावातला परवाचा वग सापडत नाही.)

आता आमच्या मते मराठीचं खरं राष्ट्रीय ग्रंथालय कोणतं, ते सांगतो. ते इमारतीत नाही. शंकर गणेश दाते या माणसाने 'मराठी ग्रंथसूची' केली. पहिल्या खंडात 1800 ते 1937, दुसऱ्यात 1938 ते 1950. मराठीत छापलेल्या पुस्तकांची विषयवार नोंद. त्याआधी एकोणिसाव्या शतकातल्या मराठी पुस्तकांची चांगली यादी हवी तर लंडनकडे बघावं लागे. ब्रिटिश म्युझियममधल्या मराठी पुस्तकांची सूची ब्लुमहार्टने 1892 साली छापली होती. दात्यांनी हे काम घरी आणलं. त्यांनी मोठ्या लेखकांबरोबर स्वयंपाकाची, शेतीची, किरकोळ उपदेशाची पुस्तकंही नोंदली. सूची वाचायची वस्तू नाही असं लोक समजतात. आम्ही ती कादंबरीसारखी वाचली आहे. एका पानावर ज्ञानेश्वरीच्या आवृत्त्या, थोडं पुढे जनावरांच्या रोगांवरचं चोपडं, आणि दोघांना सारख्याच दोन ओळी. ह्यूमला जी मंडळी नडली, ती या माणसाच्या मनात बसलेली नव्हती. पुस्तक नष्ट झालं तरी नोंद असेल तर निदान शोधता येतं. आमच्या पुस्तिकेची नोंद वाचनालयाच्या रजिस्टरात होती, म्हणूनच ती होती हे आम्ही त्या मुलाला सिद्ध करू शकलो. नाहीतर म्हाताऱ्याला भास झाला असं त्याने समजलं असतं.

तो मुलगा चिवट निघाला. वसाहतीत घरोघर फिरला. शेवटी एका आजीच्या पत्र्याच्या पेटीत, रेशनकार्ड आणि भूसंपादनाच्या नोटिशीच्या खाली, पुस्तिका सापडली. पहिलं पान गेलेलं, म्हणजे आमची प्रस्तावना गेलेली. फार नुकसान नाही. आजी पेटी सोडेनात. म्हणाल्या, "मास्तर, पुस्तक न्या, पण परत आणा. यात आमच्या घराची जागा लिव्हलीया." आम्ही त्यांच्यासमोर बसून ते पान वाचलं. खरंच होतं: देवळाच्या डाव्या हाताला तिसरं घर. उन्हाळ्यात पाणी उतरलं की जुन्या गावठाणाचे अवशेष उघडे पडतात. त्या म्हणाल्या, तेव्हाही आता जागा ओळखू येत नाही.

आम्ही झेरॉक्स काढून मूळ प्रत आजींना परत दिली. मुलाने ती पानं पुन्हा टाईप केली आणि गेल्या महिन्यात नव्याने शंभर प्रती छापल्या, या वेळी प्रकाशकाचं नाव, पत्ता आणि साल घालून. चार पाकिटं केली: कोलकाता, चेन्नई, मुंबई, दिल्ली. पोस्टाच्या पावत्या इथे आमच्या खिशात आहेत. वीस प्रती मागच्या टेबलावर ठेवल्या आहेत. वाचनालयाच्या लोकांनी आधी न्याव्यात, आणि दाखल क्रमांक देऊन आम्हाला कळवावा. छापखान्याची मंडळी आली असतील तर त्यांनी कायद्याची एक पानी मराठी नक्कल घ्यावी, तीही तिथेच आहे.

प्रश्न असतील तर घेऊ. फक्त मोठ्याने विचारा, डाव्या कानाने कमी ऐकू येतं.